रविवार कुठे जातो: ज्युनिअर बॅडमिंटन स्पर्धेच्या वेळापत्रकाच्या नोंदी

३० जून २०२५, सोमवार

कालचा हिशेब आधी लिहून ठेवतो. चिडचीड ओसरली की आकडे विसरायला होतात.

पुण्यात धायरीतून निघालो सकाळी ६:३० ला. हॉल पिंपळे सौदागरच्या बाजूला, रिपोर्टिंग ८:००. थोरलीचं नाव पुकारलं दुपारी २:४० ला. मॅच १९ मिनिटं. २१-९, २१-१४, हरली. घरी पोचलो ४:१५ ला. म्हणजे घराबाहेर ५८५ मिनिटं आणि त्यातली कोर्टवर १९. सव्वातीन टक्के.

सोबत धाकटा होता, वय सहा. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, पण त्याला ठेवणार कुठे? अकरापर्यंत त्याने गॅलरीच्या पायऱ्या वर-खाली केल्या, बारा वाजता डब्यातले गार पोहे खाल्ले आणि एक वाजता तीन किटबॅगांच्या मध्ये अंग टाकून झोपला. मॅच सुरू झाली तेव्हा त्याला उठवावं की नाही, यावर माझं आणि बायकोचं कुजबुजत भांडण झालं. बहिणीची मॅच बघायला आणलं आणि तेवढीच बघायची राहिली.

आईला सासवडला येतो म्हणून सांगितलं होतं. सलग चौथा रविवार. ती फोनवर आता विचारतही नाही, नुसतं "बरं, खेळा" म्हणते.

संध्याकाळी आमच्या क्लबच्या ग्रुपवर मी जरा जास्तच लिहिलं. रात्री सेक्रेटरीकाकांचा फोन. "तुम्ही चाकणला प्लॅनिंगमध्येच आहात ना? मग ऑगस्टमधली आपली स्पर्धा तुम्हीच लावा की." मी हो म्हणालो. बायको म्हणाली, "झालं, म्हणजे आता कामाचा वारही स्पर्धेतच."

२ जुलै, बुधवार

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कागदावर मांडलं.

माझं रोजचं काम म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कोणतं मशीन कधी काय करणार ते ठरवणं. नवा सुपरवायझर एक चूक हमखास करतो. मशीन एक मिनिटही रिकामं राहू नये म्हणून सकाळीच दिवसभराचा सगळा माल मशीनशेजारी आणून ठेवतो. मशीन पळत राहतं, पण माल पाय ठेवायला जागा नाही इतका साचतो.

बॅडमिंटनच्या स्पर्धेत नेमकं हेच होतं. मॅच कंट्रोलच्या टेबलाला धास्ती एकच, की नाव पुकारलं आणि मूल हजर नसलं तर कोर्ट रिकामं राहील. म्हणून सगळ्यांना आठला बोलवा. कोर्टाला पाच मिनिटं थांबावं लागू नये म्हणून दोनशे घरं थांबतात.

रांगांच्या गणितात लिटलचा नियम म्हणून एक साधी गोष्ट आहे. जॉन लिटल यांनी ती १९६१ मध्ये सिद्ध केली. आत असलेली माणसं भागिले तासाला बाहेर पडणारी माणसं, म्हणजे सरासरी किती तास आत काढावे लागतील ते. सहा कोर्ट, एका मॅचला सगळं धरून २५ मिनिटं, म्हणजे तासाला १४ मॅच, २८ मुलं पहिल्या मॅचच्या रांगेतून बाहेर. हॉलमध्ये रविवारी सकाळी माझ्या अंदाजाने दोनशे मुलं होती. दोनशे भागिले अठ्ठावीस, सात तास. थोरलीला ६ तास ४० मिनिटं लागले. आयोजकांनी काही गोंधळ घातला असं नाहीच. त्यांनी जे लावलं त्यातून सात तासच निघणार होते.

याचं दुखणं जास्त कारण ही बाद फेरी आहे. पूर्ण भरलेल्या ड्रॉमध्ये (कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्यात) निम्मी मुलं पहिलीच मॅच हरून घरी जातात. म्हणजे सगळ्यात जास्त थांबणारी आणि सगळ्यात कमी खेळणारी मुलं तीच.

६ जुलै, रविवार (आषाढी एकादशी)

आज कुठेच स्पर्धा नाही. साबुदाण्याची खिचडी, धाकट्याला घेऊन पर्वतीवर. नोंद एवढीच.

९ जुलै, बुधवार

तारखा. हा भाग मला सोपा वाटला होता.

काकांच्या मनात ९-१० ऑगस्ट होतं. ९ ला राखीपौर्णिमा. भाऊ कोर्टवर आणि बहीण राखी घेऊन गॅलरीत, असं दृश्य त्यांना गोड वाटलं, पण ज्यांचे भाऊ-बहीण सातारा-नगरला आहेत त्यांनी काय करायचं? १५ ते १७ ऑगस्ट शुक्रवारी सुट्टी येते म्हणून दोघांनी सुचवलं. शनिवारी दहीहंडी, शिवाय तीन दिवस जोडून मिळाले की अर्धं पुणं कोकणात. २३-२४ म्हणजे गणपतीच्या तोंडावर, २७ ला चतुर्थी. सप्टेंबरमध्ये ६ तारखेपर्यंत गणपती, पुढे पितृपक्ष, नवरात्र, मग सहामाही. जुलैत हॉल दुरुस्तीला.

त्यात जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा. त्या १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या, बहुतेक कामाच्या वारी. बॅडमिंटन संघटनेच्या स्पर्धा ११, १३, १५, १७ वर्षांखालच्या, शनिवार-रविवारी. एकाच मुलीला शाळेसाठी १४ मध्ये आणि क्लबसाठी १३ मध्ये खेळावं लागतं. पालक दोन्हीकडे पळतात कारण दोन्हीकडची प्रमाणपत्रं उपयोगाची वाटतात. शालेय स्पर्धांतून दहावी-बारावीला क्रीडागुण मिळू शकतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते कुणाला मिळेल ते मिळेल, पण फाइल प्रत्येक घरात आहे. आमच्याही घरात आहे, निळी, बटणवाली.

उरले २-३ ऑगस्ट. बायकोला बँकेत दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. २ ऑगस्ट पहिला शनिवार. म्हणजे तिला बँक, मला हॉल, आणि धाकटा पुन्हा अधांतरी. तारीख तीच ठरली.

१३ जुलै, रविवार

क्लबच्या माळ्यावर गेल्या वर्षीच्या स्कोअरशीटचं पोतं मिळालं. वाळवीने एका कोपऱ्याला तोंड लावलेलं, पण १८० पानं वाचण्यासारखी. अंपायर मुलांनी बऱ्याच पानांवर सुरू आणि संपल्याची वेळ लिहिली होती, तीच मला हवी होती.

धाकट्याला कामाला लावलं. तो वयोगटाप्रमाणे गठ्ठे करत होता आणि मी एक्सेलमध्ये भरत होतो. पुढची जोडी कोर्टवर येऊन वॉर्म-अप करेपर्यंतचा वेळ धरून सरासरी अशी निघाली: ११ खालील २० मिनिटं, १३ खालील २२, १५ खालील २७, १७ खालील ३२. सगळ्यात लांबलेली मॅच ५८ मिनिटांची. तिच्या पानावर अंपायरने तळाशी लिहिलंय, "हात दुखला."

२१ गुणांचे तीन गेम आणि प्रत्येक रॅलीला गुण ही पद्धत २००६ पासूनची. त्याआधी फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा आणि मॅच कुठवर जाईल याचा भरवसा नसायचा. तेव्हा वेळापत्रक करणाऱ्यांना माझा नमस्कार. (इंग्रजांच्या काळात या खेळाला 'पूना' असंच म्हणत. तरी पुण्यात या खेळापायी रविवार का जातो हे कुणाला कळत नाही.)

१६ जुलै, बुधवार

घरची नोंद, पण प्रकल्पाचीच आहे.

थोरलीच्या सरांचं म्हणणं, १३ खाली आहेच, अनुभवासाठी १५ खालीही नाव टाका. आमच्याकडे आतापर्यंत आलेल्या नोंदींत असे दोन गटांत खेळणारे २६ आहेत. वेळापत्रक करताना खरी अडचण त्यांचीच. एकाच वेळी दोन कोर्टवर नाव निघायला नको, दोन मॅचमध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी.

मी म्हणालो, नको. थोरली म्हणाली, "बाबा, तुम्हाला तुमचं एक्सेल सोपं व्हायला हवंय." यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. बायको कुकरची शिट्टी काढत म्हणाली, "तिला खेळायचंय की सरांना खेळवायचंय, ते आधी विचार." तिला विचारलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, १५ मध्ये सगळ्या जणी उंच आहेत. नाव टाकलं नाही. दोन दिवस अबोला.

१८ जुलै, शुक्रवार

नोंदणी बंद. एकेरीला २४६ मुलं-मुली. ११ खालील मुलगे २८, मुली १५. १३ खालील ४७ आणि २६. १५ खालील ५२ आणि २४. १७ खालील ३८ आणि १६. दुहेरी फक्त १५ आणि १७ ला, एकूण ४२ जोड्या.

बाद फेरीचं गणित छान असतं. प्रत्येक मॅचला एक जण बाहेर, शेवटी प्रत्येक गटात एकच उरणार. म्हणून एकेरीचे आठ गट, २४६ वजा ८, मॅच २३८. दुहेरीचे चार गट, ४२ वजा ४, मॅच ३८. एकूण २७६.

वेळ लावली तर ११७ कोर्ट-तास होतात. हातात सहा कोर्ट, दोन दिवस, रोज १२ तास, म्हणजे १४४. ८१ टक्के भरणा. काका खूश, "बसतंय की!"

बसतंय म्हणजेच अडचण आहे. कारखान्यात ८१ टक्के भरलेल्या मशीनपुढे रांग लागणारच, कारण काम कधी २० मिनिटांचं असतं, कधी ५८. शिवाय स्पर्धेच्या शेवटी सहा कोर्टांचा उपयोगच नसतो. उपांत्य फेरीला एका गटात दोनच मॅच, अंतिमला एक. भरणा सगळा सुरुवातीला दाटतो.

२० जुलै, रविवार

श्रावणाआधीचा शेवटचा रविवार. बहिणीकडे हडपसरला मटणाचा बेत. आज दुसरीकडे एक खुली स्पर्धा होती, थोरलीचं नाव आम्ही टाकलंच नव्हतं. जेवताना तिघांच्या फोनवर बॅडमिंटनचे ग्रुप वाजत होते. "कोर्ट नं. ३, अजून पहिलीच फेरी चालू." रस्सा वाढताना बहीण म्हणाली, "तुमचं पोरांचं खेळणं म्हणजे एसटीची वाट बघणं झालंय. गाडी आली तर आली." तिला प्लॅनिंगमध्ये घ्यायला हवं.

२२ जुलै, मंगळवार

मीटिंग. सेक्रेटरीकाका, चीफ रेफरी मॅडम, दोन कोच, मी.

माझी मांडणी अशी. आपण नेहमी 'फेरी'प्रमाणे लावतो. आधी सगळ्या गटांची पहिली फेरी, मग सगळ्यांची दुसरी. त्यामुळे प्रत्येक घर दोन्ही दिवस अडकतं. त्याऐवजी 'गटा'प्रमाणे लावू. एक गट, एक सत्र. सकाळी ११ खालील म्हणजे ११ खालीलच. बाकीच्यांनी घरी झोपावं. आणि ड्रॉवर प्रत्येक मॅचपुढे एक वेळ, 'या वेळेआधी मॅच होणार नाही'. उशीर होईल, पण लवकर होणार नाही. पालक त्याप्रमाणे निघतील.

शनिवार सकाळ १७ खालील (शनिवारची शाळा असणाऱ्यांना ११ नंतर). दुपारी १५ खालील मुलगे. रविवार सकाळ ११ खालील आणि १५ च्या मुली. दुपारी १३ खालील, त्यांची पहिली फेरी तेवढी शनिवारी संध्याकाळी.

मॅडम लगेच म्हणाल्या, कोर्ट रिकामं राहिलं तर? मी म्हणालो, राहू दे. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी शटल गटारात टाकायला सांगितलंय.

कोचचा आक्षेप खरा होता. गट एका सत्रात संपवायचा म्हणजे दहा वर्षांचं पोर एका सकाळी पाच मॅच खेळणार. गुडघ्याचं काय? यावर मी आकडेमोड दाखवली, वीस मिनिटांच्या पाच आणि मध्ये अर्ध्या तासाच्या चार विश्रांत्या, ३ तास ४० मिनिटांत होतं. ते म्हणाले, होतं हो, पण करू नये. बरोबर आहे त्यांचं. तडजोड: ११ आणि १३ खालील गटांत उपांत्यपूर्व फेरीच्या आधी १५ गुणांचे गेम, आणि ११ ची अंतिम मॅच जेवणानंतर.

दुहेरीवर अडलं. शनिवार-रविवारात दुहेरी घातली की माझी सगळी मोकळी जागा जाते. काढून टाकू म्हणालो तर काका, "४२ जोड्यांची फी परत करायची? शटलचे पैसे कुठून आणू?" हेही खरं. पिसांच्या शटलचे भाव बघता त्यांचं रडणं खोटं नाही. एका शटलला १६ पिसं, आणि १७ खालील मुलगे स्मॅश मारायला लागले की दोन रॅलीत त्यातली तीन उडालेली.

शेवटी दुहेरी शुक्रवारी, १ ऑगस्टला संध्याकाळी ६ ते ९:३०. सहा कोर्ट, २१ तास, काम १६ तासांचं. शनिवार-रविवारचा भरणा ८१ वरून ७० वर आला. बारामतीची एक जोडी म्हणाली, शाळा सुटल्यावर सहाला पुण्यात पोचणं शक्य नाही. त्यांची फी परत. संध्याकाळी रोज खेळणारी आमची ज्येष्ठ मंडळी रुसली, ते वेगळं.

बक्षीस समारंभ रविवारी ६:३०. प्रमुख पाहुणे माजी नगरसेवक. (निवडणुका रखडल्याने २०२५ मध्ये सगळेच माजी.)

२४ जुलै, गुरुवार

ड्रॉ. मॅडम 'टूर्नामेंट प्लॅनर'मध्ये काढतात. १३ खालील मुलगे ४७, ड्रॉ ६४ चा, म्हणजे १७ बाय (पहिली फेरी न खेळताच पुढे). मानांकित आधी, उरलेल्या बाय लॉटने. थोरलीचा गट आला तेव्हा मी मुद्दाम चहाला बाहेर गेलो. परत आलो तर तिला बाय लागलेली. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं बाहेर होतात."

म्हणजे आमच्या घरासाठी शनिवार मोकळा, रविवारी दुपारी २:०० च्या आधी मॅच नाही.

२९ जुलै, मंगळवार

वेळापत्रक पाठवलं. पहिल्या तासात ४० फोन. त्यातले निम्मे एकच विचारत होते: "१२:२० लिहिलंय, मग रिपोर्टिंग आठलाच ना?" नाही हो. अर्धा तास आधी या. "पण नक्की?" नक्की. "नाव खोडून कुणी स्क्रॅच नाही ना करणार?" इतक्या वर्षांत कुणी वेळ पाळली नाही, त्यामुळे आता वेळ दिली तरी विश्वास बसत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दुहेरी ९:५० ला संपली. वीस मिनिटं उशीर. वॉचमनला दोनदा चहा.

२ ऑगस्ट, शनिवार

रात्री ११:३०. पाय सुजलेत. थोडक्यात.

सकाळ सुरळीत. ९:४० पर्यंत कोर्ट ५ आणि ६ रिकामी होती. मॅडम तीनदा म्हणाल्या, "पुढच्या बोलवू का?" मी तीनदा नको म्हणालो. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही, नुसतं घड्याळाकडे बघितलं.

१०:५० ला पाऊस. कोर्ट २ वर छपरातून थेंब. आधी एक, मग टप टप, बेसलाइनच्या डाव्या कोपऱ्यात बरोबर. मॅटवर पाणी म्हणजे घोटा मुरगळणारच. बादली, पोछा, दोन बनियन (कुणाचे ते विचारलं नाही). ते कोर्ट ५० मिनिटं बंद. आणि इथे ती सकाळची रिकामी कोर्टं कामाला आली. दोन मॅच ५ वर सरकवल्या, एकाही घराला दिलेली वेळ वीस मिनिटांपेक्षा जास्त हलली नाही. मॅडम म्हणाल्या, "अच्छा." एवढंच, पण मला पगारवाढीसारखं वाटलं.

दुपारची गोष्ट मात्र मनातून जात नाही. १५ खालील एक मुलगा, मॅच १:४०. घरचे वेळेवर विसंबून, मुलाला थोडं खाऊ घालू म्हणून बाहेर गेले. येताना नवले पुलाच्या आसपास अडकले. पहिला पुकारा, दुसरा, तिसरा. समोरचा मुलगा कोर्टवर एकटाच शटल उडवत होता, आणि त्याचे वडील टेबलाशी येऊन उभे, "नियम म्हणजे नियम." मॅडमनी १:५२ ला वॉकओव्हर दिला. १:५७ ला मुलगा धावत आला, बूट हातात, मोजे चिखलाने ओले. टेबलापाशी उभा राहून त्याने आधी कोर्टकडे बघितलं, मग माझ्याकडे. वडील मागून धापा टाकत, "साहेब, तुमच्या कागदावर विश्वास ठेवला आम्ही."

जुन्या पद्धतीत हा मुलगा सकाळपासून हॉलमध्येच असता, कंटाळलेला, पण हजर. लोकांचा थांबण्याचा वेळ मी कापला आणि त्यांना अडीअडचणीला उपयोगी पडणारा वेळही त्याबरोबर कापला गेला, हे माझ्या एक्सेलमध्ये कुठेच नव्हतं. पुढच्या वेळी: तिसऱ्या पुकाऱ्यानंतर, फोन करून रस्त्यात आहे म्हणून कळवलं असेल तर मॅच एकदाच, ३० मिनिटं पुढे. मॅडम तयार होतील का, बघू.

३ ऑगस्ट, रविवार

११ खालील पोरं बघायला मजा येते. रॅकेट त्यांच्यापेक्षा मोठी आणि प्रत्येक गुणानंतर वळून गॅलरीकडे बघणार. हा गट ८ ला सुरू, ११:४५ ला अंतिम मॅच सोडून सगळं आटोपलं. साडेनऊलाच हरलेली पोरं दहाला आईबापांबरोबर बाहेर पडताना दिसली. एक बाबा हात हलवून ओरडले, "भाजी आणायला वेळ मिळाला हो!"

२:०५ ला मीच माइकवर थोरलीचं नाव घेतलं, कोर्ट ४. बायको आणि धाकटा १:४० ला आले होते. पहिली जिंकली, १५-११, १५-१३. मी टेबलावरून तिची पाठ तेवढी बघू शकत होतो. पुढची ३:२० ला, हरली. ४:१० ला बायकोचा मेसेज, "निघतो, याला भूक लागलीये." मी ७:४५ पर्यंत.

बक्षीस समारंभाला खुर्च्या १५०, माणसं साठेक. माजी नगरसेवक भाषणात म्हणाले, "मोठ्या संख्येने उपस्थित..." आणि थांबले.

४ ऑगस्ट, सोमवार

गेटवरच्या मुलांनी येण्या-जाण्याच्या वेळा लिहून घेतल्या होत्या. ११२ मुलांची नोंद नीट सापडली. येण्यापासून पहिल्या मॅचपर्यंत सरासरी ५१ मिनिटं. मी अर्धा तास आधी या म्हणालो होतो, म्हणजे वीस मिनिटं माझी चूक किंवा त्यांची धास्ती. पहिलीच मॅच हरलेली मुलं सरासरी पावणेदोन तासांत गेटबाहेर. दोन गटांत खेळणाऱ्यांचा आकडा शेवटी ३१ झाला होता, आणि त्यांचे दोन्ही दिवस पूर्वीसारखेच गेले. त्यांच्यासाठी मी काहीच केलेलं नाही, ते त्यांनी निवडलंय असं म्हणून सोडून दिलंय.

आता तक्रारी. अपेक्षा नव्हती तिथून आल्या.

कँटीनवाला: दोन ताटं वडापाव उरले. "साहेब, पब्लिकच नव्हतं." गेल्या वर्षी त्याने दुपारपर्यंत तीन वेळा पाव मागवले होते. पालकांचं ताटकळणं हाच त्याचा धंदा होता.

बॅनर लावणारे दुकानदार: "फायनलला फोटोत गर्दी दिसत नाही."

मोठे कोच: "आम्ही हरलो की रात्रीपर्यंत बसून मोठ्यांच्या मॅच बघायचो. खेळ तिथे शिकलो. तुमची पोरं हरली की घरी." हे मला लागलं. १७ खालील मुलांची अंतिम मॅच खरंच सुंदर झाली, तिसरा गेम २२-२०, आणि ती बघायला १३ खालील एकही मूल नव्हतं. माझी मुलगी त्या वेळी घरी टीव्ही बघत होती.

काका मात्र खूश, कारण हॉलचं लाइटबिल कमी येणार.

७ ऑगस्ट, गुरुवार

थोरलीला विचारलं, कशी वाटली स्पर्धा. मला शाबासकी हवी होती, कबूल.

म्हणाली, "मजा नाही आली."

का? मॅच वेळेवर झाली, दोन तासांत मोकळी झालीस.

"तेच. कोणीच नव्हतं ना. आम्ही पोचलो तोवर सकाळच्या सगळ्या गेलेल्या. मागच्या वेळी आम्ही सात जणी पायऱ्यांवर उनो खेळलो, ती नगरची मुलगी तिथेच तर मैत्रीण झाली. या वेळी गेलो, खेळलो, हरलो, आलो. क्लासला गेल्यासारखं."

म्हणजे पिंपळे सौदागरचे ते ६ तास ४० मिनिटं, जी मी वाया गेलेली म्हणून लाल रंगात भरली होती, ती तिच्या लेखी स्पर्धाच होती. वाया गेले होते ते माझे, बायकोचे आणि धाकट्याचे. एकाच रकान्यात चार माणसं भरली मी.

धाकट्याला विचारलं, तुला कशी वाटली? "छोटी होती. छान."

१० ऑगस्ट, रविवार

काल राखी, आज सासवड. आईने विचारलं, "आज कसं काय?" मग आतून शेंगा घेऊन आली.

ओट्यावर बसून पुढच्या स्पर्धेसाठी कच्चं टिपण केलं. वॉकओव्हरचा नियम मॅडमना लिहून पाठवला, त्यांचं उत्तर, "३० नाही, १५ मिनिटं. आणि एकदाच." ठीक. कोर्ट २ च्या वरचा पत्रा, काकांना तिसऱ्यांदा आठवण. १७ ची अंतिम मॅच रविवारी ११ खालील गट संपता संपता, बाराला, म्हणजे लहान पोरं हॉलमध्ये असतानाच. वडापाववाल्याला सत्रांच्या वेळा आधी कळवणे. गॅलरीच्या डाव्या पायऱ्यांवरून बॅनर हलवणे, मुलांना बसायला जागा. १३ खालील मुली-मुलांना हवं तर दोन तास आधी येऊ देणे, पालकांशिवाय, गेटवर नाव लिहून. त्यांच्याकडे लक्ष ठेवायला एक मोठं माणूस लागेल. त्या रकान्यात कुणाचं नाव घालावं ते ठरेना, तेवढ्यात थोरली मागून वाकून बघत होती. तिने माझंच टाइप केलं.